एका कंप्युटरवर एकाच भाषेची अनेक व्हर्जन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी आणली आहेत. सर्वाधिक विचारणा पायथन या प्रोग्रामिंग भाषेबद्दल असते, त्यामुळे उदाहरणंही त्याचीच जास्त आहेत. नोड, जावा, गो, रस्ट आणि पीएचपी पुढे येतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एक उत्तर दुसऱ्यावर टेकलेलं आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आधीच एक सांगून ठेवतो: इन्स्टॉल करताना फारसं काही बिघडत नाही. घोळ होतो तो हाक एकाला मारली आणि ओ दुसऱ्याने दिली म्हणून.

१. पायथनची दोन-तीन व्हर्जन्स ठेवली तर ती एकमेकांत मिसळत नाहीत का?

नाही. प्रत्येक आवृत्तीचं स्वतःचं फोल्डर असतं. तिचा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्राम), स्टँडर्ड लायब्ररी आणि बाहेरची पॅकेजेस ठेवायची 'साइट-पॅकेजेस' ही जागा, सगळं वेगळं. ३.११ मध्ये टाकलेलं पॅकेज ३.१२ ला दिसत नाही. सुरुवातीला याचा वैताग येतो, पण हवं असतं ते हेच. एकच प्रोजेक्ट दोन्ही आवृत्त्यांनी आळीपाळीने चालवला तरी बिघडत नाही, कारण कंपाइल झालेल्या फाइलींच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. ही सोय ३.२ पासून आहे.

भांडण असतं ते फक्त नावांवर. 'पायथन', 'पायथन३', 'पिप' (पॅकेजेस टाकणारं साधन) ही नावं एकेकच आणि दावेदार अनेक. त्यासाठी प्रश्न ३ पाहा.

२. सगळ्यात नवं व्हर्जन टाकलं की झालं, नाही का? जुनी कशाला सांभाळायची?

एकट्याचं नवं काम असेल आणि लायब्ररी लोकप्रिय असतील तर एकच आवृत्ती पुरते. उगाच पसारा वाढवू नका.

अडचण येते ती दुसऱ्याचा किंवा जुना कोड हातात आला की. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि प्रत्येकीला सुमारे ५ वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, म्हणजे एका वेळी चार-पाच आवृत्त्या अधिकृतपणे वापरात असतात. नवीन येताना काही जुनं जातंही. ३.७ मध्ये 'असिंक' हा राखीव शब्द झाला आणि तेच नाव पॅरामीटरला दिलेल्या लायब्ररी सिंटॅक्स एरर देऊ लागल्या. ३.१० मध्ये 'कलेक्शन्स'मधून 'मॅपिंग'सारखी नावं थेट घेता येईनाशी झाली. ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' गेलं, ३.१३ मधून 'सीजीआय'सकट जुन्या मॉड्यूल्सचा एक गठ्ठाच गेला. सगळ्यात मोठी फूट अर्थात दोन आणि तीनमधली: ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये आणि २.७ चा आधार संपला १ जानेवारी २०२० ला. मधली अकरा वर्षं असंख्य लोकांनी दोन्ही शेजारीशेजारी चालवली. आज जी व्हर्जन मॅनेजरची साधनं आपण सहज वापरतो, त्यांची सवय लोकांना याच काळात लागली.

३. नवं व्हर्जन टाकलं, इन्स्टॉलर 'यशस्वी' म्हणाला, तरी टर्मिनल जुनाच आकडा दाखवतं. असं का?

टर्मिनलमध्ये 'पायथन३' लिहून एंटर दाबता तेव्हा शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) 'पाथ' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधले फोल्डर डावीकडून उजवीकडे तपासतं. त्या नावाची फाइल ज्या फोल्डरमध्ये आधी सापडेल तीच चालते. शोध तिथेच थांबतो. कोणती आवृत्ती नवी आहे हे शेल बघत नाही. तुमचं नवं पायथन यादीत मागे राहिलं असेल, तर त्याची पाळी येणारच नाही.

म्हणून पहिली तपासणी: लिनक्स किंवा मॅकवर 'व्हिच' या कमांडला 'ए' हा पर्याय देऊन 'पायथन३' शोधा, विंडोजवर 'व्हेअर' वापरा. सगळे दावेदार क्रमाने दिसतील. पाथ बदलल्यावर टर्मिनल बंद करून नवीन उघडा, कारण उघडं असलेलं टर्मिनल जुनीच यादी धरून बसतं. बॅश या शेलची आणखी एक खोड आहे. एकदा सापडलेली जागा ते लक्षात ठेवतं आणि पुन्हा शोधत नाही. ती आठवण 'हॅश' कमांडला 'आर' पर्याय देऊन पुसता येते.

दुसरी तपासणी पहिलीपेक्षाही भरवशाची: पायथनलाच विचारा. 'सिस' मॉड्यूल घ्या आणि त्यातलं 'एक्झिक्युटेबल' प्रिंट करा. ज्या फाइलमधून हे पायथन चालू झालं तिचा पूर्ण पत्ता मिळतो. एडिटर असो, नोटबुक असो, सर्व्हर असो, ही एक ओळ सगळीकडे चालते. मदत मागताना ती चिकटवून पाठवलीत तर पुढचे निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

४. विंडोजवर 'पायथन' लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं!

विंडोज १० पासून त्या नावाचा एक नुसता दुवा सिस्टीममध्ये ठेवलेला असतो. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधा आणि पायथनच्या नावापुढची बटणं बंद करा.

विंडोजवर नेहमीच्या कामासाठी 'पाय' हा लाँचर वापरा, तो ३.३ पासून मिळतो. 'पाय' लिहून पुढे डॅश आणि ३.११ दिलं की ३.११ चालतं, ३.१३ दिलं की ३.१३. पाथच्या रांगेत कोण पुढे आहे याच्याशी मग देणंघेणं उरत नाही.

५. लिनक्समध्ये किंवा मॅकमध्ये आधीच आलेलं पायथन काढून नवं टाकू का?

काढू नका आणि बदलूही नका. या यादीतलं सगळ्यात ठाम उत्तर हेच.

ते पायथन ऑपरेटिंग सिस्टीमने स्वतःच्या कामासाठी ठेवलेलं असतं. उबंटूवर सॉफ्टवेअरचे नवे स्रोत जोडणारी कमांड, 'ही कमांड सापडली नाही, अमुक पॅकेज टाका' असं सुचवणारा मदतनीस, इतकंच काय, ग्नोम टर्मिनल सुरू करणारी फाइल, हे सगळं पायथनमध्ये आहे. 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' वापरून 'पायथन३' हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवलं की या कार्यक्रमांना त्यांची 'एपीटी'ची (उबंटूच्या पॅकेज टाकणाऱ्या साधनाची) मॉड्यूल्स मिळत नाहीत, कारण ती फक्त मूळ आवृत्तीसाठी बांधलेली असतात. मग टर्मिनल उघडत नाही आणि दुरुस्तीच्या सूचना तर टर्मिनलमध्येच चालवायच्या असतात! फेडोरासारख्या सिस्टीमवर वर्षानुवर्षं पॅकेज टाकणारं साधनच पायथनमध्ये होतं. तिथे हा उपद्व्याप आणखी महागात पडत असे.

मॅकवर ॲपलने २०२२ मध्ये १२.३ या आवृत्तीपासून २.७ काढून टाकलं. आता जे 'पायथन३' दिसतं ते डेव्हलपर टूल्ससोबत येतं आणि ॲपलच्या सोयीने बदलतं. होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज मॅनेजरचं पायथनही होमब्रूच्या इतर पॅकेजेसच्या गरजेनुसार पुढे सरकतं. दोन्हींवर स्वतःचं काम उभारू नका. आपलं पायथन वेगळं आणा (प्रश्न ९) आणि त्याला त्याच्या पूर्ण नावाने किंवा एन्व्हायर्नमेंटमधून (प्रश्न ८) बोलवा.

६. पिप म्हणतं 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' आणि काहीच टाकू देत नाही. काय बिघडलं?

काही बिघडलेलं नाही. प्रश्न ५ मधल्या अपघातांना कंटाळून सिस्टीमवाल्यांनीच दाराला कडी लावली आहे. डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून, तसंच होमब्रूमध्ये, सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज टाकता येत नाही. एररच्या खालीच कडी तोडणारा पर्यायही सांगितलेला असतो आणि लोक तो डोळे झाकून चिकटवतात. एकदाच वापरून फेकून द्यायच्या कंटेनरमध्ये (बाकी सिस्टीमपासून तोडलेल्या बंद कप्प्यात) तो ठीक आहे. रोजच्या मशीनवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा (प्रश्न ८). एखादं साधन फक्त कमांड म्हणून हवं असेल, तर 'पिपएक्स' ते त्याच्या वेगळ्या कप्प्यात टाकतं.

७. पिपने पॅकेज टाकलं, पण कोड म्हणतो 'मॉड्यूल सापडलं नाही'.

पिप एका पायथनचं होतं आणि कोड दुसऱ्या पायथनने चालवला. 'पिप' ही स्वतंत्र फाइल असते आणि ती नेमक्या एका इंटरप्रिटरला बांधलेली असते. कोणत्या, हे नावावरून कळत नाही.

नुसतं 'पिप' लिहिणं सोडा. ज्या पायथनने कोड चालवणार त्याचं नाव, मग डॅश एम, मग पिप अशी सवय लावा. पिपची फाइल पाथमध्ये कुठेही असो, पॅकेज मग योग्य घरीच जातं.

८. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि व्हर्जन मॅनेजर ही एकच गोष्ट आहे का?

नाही. व्हर्जन मॅनेजर पायथनच्या आवृत्त्या आणतो आणि कोणती कधी वापरायची ते ठरवतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट हा आधीच असलेल्या एका पायथनवर उभारलेला पॅकेजेसचा वेगळा कप्पा आहे. त्यात पायथनची पूर्ण प्रत नसते. असतो तो मूळ इंटरप्रिटरकडे जाणारा दुवा, स्वतःचं 'साइट-पॅकेजेस' आणि मूळ पायथन कुठे आहे ते सांगणारी एक छोटी कॉन्फिग फाइल. 'व्हीएन्व्ह' हे मॉड्यूल ३.३ पासून पायथनसोबतच येतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ज्या आवृत्तीने एन्व्हायर्नमेंट बनवलं तीच त्याची आवृत्ती. ३.११ वर बनवलेलं नुसतं ॲक्टिव्हेट करून ३.१३ होत नाही. दोन, 'ॲक्टिव्हेट' केल्याने मुख्यतः त्या एन्व्हायर्नमेंटचं 'बिन' फोल्डर (विंडोजवर 'स्क्रिप्ट्स') पाथच्या सुरुवातीला येतं. म्हणजे प्रश्न ३ मधलीच यंत्रणा. ॲक्टिव्हेट न करता त्या फोल्डरमधलं पायथन पूर्ण पत्ता देऊन चालवलं तरी परिणाम तोच.

९. मग कोणता व्हर्जन मॅनेजर घेऊ? नावं खूप आहेत.

फक्त पायथन हवं असेल आणि आज सुरुवात करत असाल तर 'यूव्ही'. ॲस्ट्रल या कंपनीने ते २०२४ मध्ये आणलं. ते आधीच बांधलेली पायथन्स उतरवून घेतं, त्यामुळे कंपाइलरच्या भानगडी नसतात आणि आवृत्ती काही सेकंदांत तयार होते. आवृत्त्या आणि एन्व्हायर्नमेंट दोन्ही तेच सांभाळतं. एका जागी लोक हमखास अडखळतात: यूव्हीने बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतो. आत जाऊन 'पिप' लिहिलंत तर बाहेरचाच कुठला तरी पिप ओ देतो आणि प्रश्न ७ ची पुनरावृत्ती होते. तिथे यूव्हीचीच पिप उपकमांड वापरायची.

'पायएन्व्ह' जुनं, खात्रीचं आणि अजूनही भरपूर वापरलं जाणारं. रुबीच्या 'आरबीएन्व्ह'वरून ते घडलं. ते पाथच्या पुढे 'शिम्स' नावाचं फोल्डर ठेवतं. तिथलं 'पायथन' हे एक छोटं स्क्रिप्ट असतं, जे आधी 'पायएन्व्ह व्हर्जन' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहतं, मग चालू फोल्डरमधली (नसेल तर वरवरच्या फोल्डरमधली) 'डॉट पायथन-व्हर्जन' फाइल, आणि शेवटी तुम्ही ठरवलेली सर्वसाधारण आवृत्ती. हा क्रम पाठ असू द्या. 'फाइलमध्ये ३.१२ लिहिलंय तरी ३.१० का चालतंय' याचं उत्तर बहुधा विसरलेल्या व्हेरिएबलमध्ये सापडतं. पायएन्व्हमध्ये आवृत्ती साधारणपणे तुमच्याच मशीनवर कंपाइल होते. ते त्याचं बळही आहे आणि डोकेदुखीही (प्रश्न १०).

पायथन, नोड, रुबी असं सगळंच लागत असेल तर 'एएसडीएफ' किंवा 'मिझ' घ्या. एकाच फाइलमध्ये सगळ्या भाषांच्या आवृत्त्या लिहिता येतात. 'कोंडा' घ्यायचा तो पायथनबाहेरच्या जड लायब्ररी, म्हणजे 'क्युडा' (ग्राफिक्स कार्डवर गणित करणारी) किंवा फोरट्रानवर उभी असलेली गणिती पॅकेजेस, एकत्र हव्या असतील तेव्हा. दोन मॅनेजर एकाच वेळी शेलमध्ये चालू ठेवू नका. दोघेही पाथच्या पहिल्या जागेसाठी भांडतात आणि कोण जिंकतं हे शेलच्या सुरुवातीच्या फाइलमधल्या ओळींच्या क्रमावर ठरतं.

१०. मशीनवर कंपाइल केलेली आवृत्ती बसली, पण पिप म्हणतं एसएसएल नाही. कुठे '_सीटाइप्स' नाही म्हणतं.

पायथन कंपाइल होत असताना ओपनएसएसएल, झेडलिब, एलआयबीएफएफआय, एसक्यूलाइट वगैरेंच्या हेडर फाइली मशीनवर नसल्या तर ती ती मॉड्यूल्स गाळली जातात. बाकीचं पायथन तयार होतं, वर फक्त इशारा येतो आणि तो कुणी वाचत नाही. या लायब्ररींची 'डेव्हलपमेंट' पॅकेजेस टाका आणि ती आवृत्ती काढून पुन्हा बांधा. नंतर नुसती लायब्ररी टाकून उपयोग नाही, कारण मॉड्यूल बांधलंच गेलेलं नसतं.

खूप जुन्या आवृत्त्यांची अडचण उलटी असते. ओपनएसएसएल मशीनवर असतं, पण ३.० किंवा पुढचं, आणि ३.६ सारखी आवृत्ती लिहिली गेली तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं. तिथे सरळ कंटेनरकडे वळा (प्रश्न १६).

११. कालच आलेलं पायथन टाकलं आणि लायब्ररी बसेनात. पिप पानभर कंपाइलरच्या एरर ओततं.

सी, सी++ किंवा रस्टमध्ये लिहिलेले भाग असलेल्या लायब्ररी 'व्हील' म्हणून आधीच बांधून ठेवलेल्या असतात आणि व्हीलच्या नावात 'सीपी३१२' असा आवृत्तीचा शिक्का असतो. तुमच्या आवृत्तीचं व्हील नसेल तर पिप मूळ कोड उतरवून तुमच्या मशीनवर बांधायला बसतं. कंपाइलर नसला की गाडी तिथेच अडते. 'एबीआय३' शिक्क्याची व्हील्स अनेक आवृत्त्यांवर चालतात, पण सगळ्या लायब्ररी तशा बनवता येत नाहीत. कामाच्या प्रोजेक्टसाठी मी ताज्या आवृत्तीपेक्षा एक पाऊल मागेच राहतो. व्हील्स तयार व्हायला काही महिने जातात आणि ती घाई आपण का करावी?

१२. ३.१२ वर गेलो आणि 'डिस्टयुटिल्स' किंवा 'पीकेजी रिसोर्सेस' सापडत नाही असं येतंय.

पहिलं ३.१२ मधून काढून टाकलं आहे. दुसरं 'सेटअपटूल्स'मधलं आहे, आणि ३.१२ पासून नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही. ते हाताने टाकलं तर बहुतेक वेळा दोन्ही तक्रारी थांबतात, पण अगदी नवं सेटअपटूल्स घेऊ नका, त्यातून 'पीकेजी रिसोर्सेस'ही काढून टाकलं आहे. खरा उपाय ती लायब्ररी नव्या आवृत्तीवर नेणं. ती कुणी सांभाळतच नसेल तर त्या प्रोजेक्टपुरतं ३.११ ठेवा.

१३. टीममध्ये सगळ्यांकडे एकच व्हर्जन राहील याची खात्री कशी करायची?

आवृत्ती प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवा आणि ती फाइल गिटमध्ये घ्या. पायथनसाठी 'डॉट पायथन-व्हर्जन' ही फाइल आणि 'पायप्रोजेक्ट टॉमल'मधली 'रिक्वायर्स-पायथन' ही ओळ. दोघींची कामं वेगळी: पहिली 'आम्ही नेमकं हे वापरतो' सांगते, दुसरी 'किमान इतकं तरी लागेल'. तोंडी सांगितलेली आवृत्ती नवा माणूस आला की हरवते.

इथे एक जुना सापळा आहे. कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेच्या यामल स्वरूपातल्या कॉन्फिग फाइलमध्ये ३.१० हा आकडा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर यामल त्याला दशांश अपूर्णांक समजतं आणि शेवटचं शून्य गळून ३.१ उरतं. मग यंत्रणा कधीच्या मोडीत निघालेल्या ३.१ च्या शोधात निघते, किंवा सापडत नाही म्हणून थांबते. आवृत्ती नेहमी अवतरणात लिहा. ३.२० येईल तेव्हा हेच पुन्हा होणार.

१४. टर्मिनलमध्ये चालतं, पण एडिटरमध्ये किंवा ज्युपिटरमध्ये तोच कोड फुटतो.

एडिटर तुमच्या टर्मिनलचा पाथ पाहीलच असं नाही. व्हीएस कोडमध्ये 'सिलेक्ट इंटरप्रिटर' हा आदेश चालवून प्रोजेक्टचं एन्व्हायर्नमेंट निवडा. ज्युपिटरमध्ये नोटबुक आणि कर्नल (सेल्स प्रत्यक्ष चालवणारं पायथन) वेगळे असतात. ज्युपिटर एका पायथनमधून सुरू होतं आणि सेल्स दुसऱ्यात चालू शकतात. हव्या त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'आयपायकर्नल' टाका, त्याची नोंदणी नाव देऊन करा आणि नोटबुकमध्ये तो कर्नल निवडा. नाव देताना 'पायथन ३' असलं काही देऊ नका, आधीच त्या नावाचा एक बसलेला असतो. शंका असेल तर प्रश्न ३ मधली 'सिस'ची ओळ सेलमध्ये चालवा.

१५. हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमध्ये लावलं की नाही.

क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) तुमच्या शेलच्या सुरुवातीच्या फाइली वाचत नाही. डेबियनसारख्या सिस्टीमवर त्याच्या पाथमध्ये सहसा 'यूएसआर-बिन' आणि 'बिन' एवढेच फोल्डर असतात. म्हणजे पायएन्व्ह, एनव्हीएम (नोडचा व्हर्जन मॅनेजर), ॲक्टिव्हेट केलेलं एन्व्हायर्नमेंट, कशाचाच पत्ता नाही. क्रॉनच्या ओळीत एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहा. ॲक्टिव्हेट करायची गरज नाही (प्रश्न ८). सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसलाही हाच नियम.

१६. एक जुना प्रोग्राम अजून २.७ वर आहे आणि तो बंद करता येत नाही. काय करू?

कंटेनरमध्ये बंद करून ठेवा. २.७ ची शेवटची आवृत्ती २.७.१८ ही एप्रिल २०२० मध्ये आली. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना मूळ प्रकल्पाकडून ठिगळ मिळत नाही. मशीनवर थेट बसवलं तर ते इतर कामांच्या शेजारी राहतं, आणि नव्या ओपनएसएसएलशी झगडावं लागतं ते वेगळंच. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात त्याच्यासोबत त्याच्या काळातल्या लायब्ररीही राहतात आणि नेटवर्कही आवळता येतं.

मग सगळंच डॉकरमध्ये का नको, असंही विचारतात. चालेल. पण रोजच्या लिखाणात, डीबगरमध्ये आणि एडिटरच्या सूचनांमध्ये कंटेनर थोडा आडवा येतो. शेजारीशेजारी दोन जिवंत आवृत्त्या ठेवायला व्हर्जन मॅनेजर हलका पडतो.

१७. एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर दुसरीकडे हलवलं आणि ते मेलं. परत उठवता येईल?

नको. त्यातल्या पिपसारख्या स्क्रिप्ट्सच्या पहिल्या ओळीत पायथनचा जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो. उलट दिशेनेही हेच घडतं: एन्व्हायर्नमेंट जागेवर असतं, पण ज्या पायथनवर ते उभं होतं तेच अपडेट होताना हललं किंवा काढलं गेलं, आणि दुवा हवेत लटकतो. पॅकेजेसची यादी फाइलमध्ये असेल तर एन्व्हायर्नमेंट पुसून नवं करणं हे काही मिनिटांचं काम आहे. यादी नसेल तर आधी ती करा.

१८. नोडमध्येही हाच प्रकार का? एनव्हीएम टाकलंय, तरी प्रोजेक्ट जुन्याच नोडवर चालतं.

एनव्हीएम हे शेलमधलं फंक्शन आहे, ते त्या टर्मिनलपुरता पाथ बदलतं. फोल्डरमध्ये 'डॉट एनव्हीएमआरसी' फाइल असली तरी तुम्ही 'एनव्हीएम यूज' म्हणेपर्यंत काही होत नाही, शेलला वेगळी शिकवण दिली नसेल तर. 'एफएनएम' आणि 'व्होल्टा' यांत ही आपोआपची सोय सहज मिळते. विंडोजवरचं एनव्हीएम हा वेगळाच प्रकल्प आहे, त्याच्या कमांड्स शंभर टक्के सारख्या नाहीत.

आवृत्ती बदलल्यावर 'नोड मॉड्यूल व्हर्जन जुळत नाही' असं आलं, तर सी++ मधले भाग जुन्या नोडसाठी बांधलेले आहेत. एनपीएम या नोडच्या पॅकेज-साधनाची 'रीबिल्ड' चालवा. नोड १७ पासून वेबपॅक (जावास्क्रिप्टच्या फाइली एकत्र बांधणारं साधन) वापरणारे जुने प्रकल्प 'ओएसएसएल... अनसपोर्टेड' म्हणत पडतात. त्या नोडमध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि वेबपॅक ४ वापरत असलेली 'एमडी४' ही हॅशपद्धत त्यात सहज उपलब्ध राहिली नाही. 'लेगसी प्रोव्हायडर'चा पर्याय देऊन तात्पुरतं भागतं.

१९. जावामध्ये 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' ६१ आणि ५२ असले आकडे येतात. ते काय?

५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. आकड्यातून ४४ वजा करा. नव्या जावाने कंपाइल केलेला क्लास जुन्या जावावर चालवताय, एवढाच अर्थ. बहुधा टर्मिनल पाथमधलं जावा वापरत असतं आणि मेवन (जावाचे प्रोजेक्ट बांधणारं साधन) 'जावा होम' या व्हेरिएबलमधलं. दोन्ही एकाच ठिकाणी वळवा, 'एसडीकेमॅन' हा व्हर्जन मॅनेजर ते करून देतो.

नव्या जेडीकेवर (जावा कंपाइल करण्याच्या संचावर) बसून ८ साठी कंपाइल करायचं तर 'सोर्स' आणि 'टार्गेट' हे पर्याय पुरेसे नाहीत. ते भाषेचं रूप आणि बाइटकोड ठरवतात, लायब्ररी मात्र नवीच राहते. गाजलेलं उदाहरण: जावा ९ मध्ये 'बाइटबफर'च्या 'फ्लिप' मेथडचा परतीचा प्रकार बदलला. त्यामुळे साधा दिसणारा कोड कंपाइल होतो आणि जावा ८ वर 'अशी मेथडच नाही' म्हणून कोसळतो. जेडीके ९ पासून आलेला 'रिलीज' हा पर्याय त्या जुन्या आवृत्तीची लायब्ररीही तपासतो. तोच वापरा.

२०. गो आणि रस्टलाही मॅनेजर लागतो का?

गोला आता फारसा नाही. ऑगस्ट २०२३ मधल्या १.२१ पासून 'गो मॉड' फाइलमध्ये लिहिलेली आवृत्ती तुमच्याकडे नसेल तर गो स्वतःच ती उतरवून वापरतं. परस्पर डाउनलोड नको असेल तर 'गो टूलचेन' हे व्हेरिएबल 'लोकल' करा. रस्टमध्ये 'रस्टअप' हेच अधिकृत साधन आहे, आणि 'एडिशन' ही वेगळी गोष्ट आहे. २०१५, २०१८, २०२१, २०२४ या सगळ्या एडिशन्स एकच नवा कंपायलर समजून घेतो, त्यांचे क्रेट्स (रस्टची पॅकेजेस) एकमेकांना जोडतोही. जुन्या एडिशनसाठी जुना कंपायलर ठेवू नका.

२१. पीएचपीच्या दोन साइट्स, एक ७.४ वर, एक ८.२ वर. एकाच सर्व्हरवर जमेल?

जमतं, आणि शांतपणे चालतं. प्रत्येक आवृत्तीची 'एफपीएम' (साइटसाठी पीएचपी चालवणारी) सर्व्हिस वेगळी असते, तिचं सॉकेट (वेब सर्व्हर तिच्याशी बोलतो ती जागा) वेगळं असतं. वेब सर्व्हरच्या प्रत्येक साइटच्या कॉन्फिगमध्ये हवं ते सॉकेट द्या. टर्मिनलमधलं 'पीएचपी' यापैकी कोणाशीच बांधील नसतं, त्यामुळे तिथला आकडा पाहून साइटबद्दल निष्कर्ष काढू नका. तो 'पीएचपी इन्फो'मध्ये पाहा. ७.४ चा आधार २०२२ मध्येच संपला, हेही साइटच्या मालकाच्या कानावर घाला.

२२. व्हर्जन बरोबर आहे, पाथ बरोबर आहे, तरी ॲपलच्या नव्या मॅकवर 'चुकीचं आर्किटेक्चर' म्हणतं.

आवृत्तीच्या जोडीला प्रोसेसरचा प्रकारही जुळावा लागतो. टर्मिनल रोझेटातून (इंटेलसाठीचे प्रोग्राम नव्या मॅकवर चालवणाऱ्या सोयीतून) चालत असेल तर इंटेलचं पायथन बसतं, आणि पुढे एआरएमसाठी, म्हणजे नव्या मॅकच्या प्रोसेसरसाठी, बांधलेली लायब्ररी त्यात जात नाही. 'प्लॅटफॉर्म' मॉड्यूलमधलं 'मशीन' विचारलं की आपण कुठे आहोत ते कळतं. पायथनमध्ये या प्रोसेसरचा आधार ३.९.१ पासून आहे, नोडच्या तयार एआरएम आवृत्त्या १६ पासून. त्याआधीचं नोड, उदाहरणार्थ १४, इंटेलचं घेऊन रोझेटातून चालवणं सोपं जातं.

२३. ३.१३ सोबत शेवटी 'टी' असलेलंही एक पायथन आलं. ते काय आहे?

'गिल' हे जागतिक कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं) नसलेली बांधणी. ३.१३ मध्ये प्रायोगिक होती, ३.१४ पासून अधिकृत आधार आहे, पण डीफॉल्ट नाही. एबीआय (आधीच बांधलेला सी कोड पायथनशी जुळण्याची रचना) वेगळा असल्यामुळे ३.१३ साठीची साधी व्हील्स तिला चालत नाहीत. आकडा तोच असला तरी ती वेगळी आवृत्ती समजून वेगळं एन्व्हायर्नमेंट करा. आणि तयार नसलेलं सी एक्स्टेन्शन इंपोर्ट केलं तर ती गिल पुन्हा चालू करते, फक्त एक इशारा देऊन. 'कुलूप काढलं तरी वेग वाढला नाही' म्हणणाऱ्यांनी तो इशारा आधी शोधावा.

२४. जुन्या आवृत्त्या साचल्यात. कशा काढू?

ज्याने आणल्या त्यानेच काढा: पायएन्व्हच्या पायएन्व्हने, यूव्हीच्या यूव्हीने, विंडोज इन्स्टॉलरच्या 'ॲप्स'मधून. मॅनेजरने आणलेल्या आवृत्त्या काढण्याआधी त्यावर उभी एन्व्हायर्नमेंट्स शोधा. प्रत्येकाच्या मुळाशी 'पायव्हीएन्व्ह सीएफजी' फाइल असते आणि तिच्यातल्या 'होम' या ओळीत मूळ पायथनचा पत्ता मिळतो. सिस्टीमसोबत आलेलं पायथन या साफसफाईत येत नाही. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.